पुढची खोली, आत्यासकट

माझी पुतणी फीबी हिचं लग्न ठरलं ते एकोणीसशे नऊचं वर्ष. बोलणी उन्हाळ्यात झाली, लग्न ईस्टरनंतर करायचं ठरलं, आणि सप्टेंबर सरता सरता सेलिनावहिनीने जाहीर केलं की आपली पुढची खोली चारचौघांना दाखवण्यासारखी राहिलेली नाही.

माझा भाऊ जेबेझ गिरणीत मुकादम होता. दिवसभर ओरडून घसा बसलेला असायचा, त्यामुळे घरी तो फारसं बोलत नसे. "बरं," एवढंच म्हणाला.

आमच्या स्लेडन गावात घर कितीही लहान असो, पुढची खोली वापरायची नसते. माणसं राहतात मागे, स्वयंपाकघरात. तिथेच जेवतात, तिथेच भांडतात, शनिवारी तिथेच टबात बसून आंघोळी करतात. पुढच्या खोलीत चांगला कोच, चांगलं घड्याळ आणि चांगला गालिचा एकमेकांकडे बघत राहतात. ती उघडायची ख्रिसमसला, पाद्रीबाबा आले तर, आणि घरात कुणी गेलं तर. माणूस मेलं की मात्र त्याला लगेच पुढच्या खोलीत नेतात, शेकोटीसमोर ठेवतात आणि सगळी गल्ली येऊन बघून जाते. आमच्या वडिलांनी त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ काढला तो असाच.

त्या खोलीतला कोच, घड्याळ आणि फळीवरची चिनी मातीची दोन कुत्री केझाया आत्याच्या मजुरीतून आली होती. आत्या ही वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. परकरात होती तेव्हापासून मागावर उभी राहिली, ती गुडघे जाईपर्यंत. मागांच्या खडखडाटाने तिचे कान गेले होते. पण गिरणीतल्या सगळ्याच बायकांसारखी ती ओठांवरून बोलणं वाचायची, आणि तेही लांबून. चॅपलच्या वरच्या सज्जात बसून खाली कोण कुणाबद्दल काय कुजबुजतंय ते ती प्रवचन चालू असतानाच आम्हाला सांगायची. पाद्रीबाबा तिला बिचकून असत.

घरात तिची जागा म्हणजे धुण्याच्या टबाशेजारचं स्टूल. मागचं दार उघडलं की वारा थेट तिच्या मानेवर. थंडी सुरू झाली की दरवर्षी तिचं आणि वहिनीचं हे बोलणं ठरलेलं.

"सेलिना, मला पुढच्या खोलीत शेकोटीशी बसायचंय."

"ख्रिसमसला बसालच की आत्याबाई."

"ख्रिसमसला पाद्री बसतो. मी त्याला उभ्याने चहा देते."

"आणि रोज बसून कोच खराब केला तर? पोरीचं लग्न तोंडावर आलंय."

"मी मेले की ठेवशीलच ना मला तिथे? बघायला लोक बोलावशील. त्यापेक्षा एक दिवस आधी बसू दे. जिवंतपणी."

"अभद्र बोलू नका," वहिनी म्हणायची आणि कणीक दणादणा आपटायची. वहिनी वाईट बाई नव्हती. तिच्या आईनेही पुढच्या खोलीत कुणाला बसू दिलं नव्हतं, आणि तिच्याही आईने नाही.

मी तेव्हा भावाकडेच राहायचो आणि थ्रिपलँडच्या दुकानाची घोडागाडी हाकायचो. थ्रिपलँड म्हणजे आमच्या खोऱ्यातलं सगळ्यांत मोठं दुकान. चार मजले. खाली हातमोजे, फिती आणि टोप्या, त्यावर कापडचोपड आणि कोट, त्यावर घरसामान, आणि सगळ्यांत वर हिशेब करणारी माणसं. मोठ्या जिन्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'दाखवलं तेच दिलं'. मला तेव्हा वाचता येत नसे, पण ती अक्षरं काय म्हणतात ते गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक होतं. म्हातारे मालक थ्रिपलँड चॅपलचे फार कडक होते. आयुष्यात एकदाही खोटं बोललो नाही, असं ते म्हणत, आणि त्यांचा चेहरा बघून ते खरं वाटे. एकदा एका बाईने जेवणाचं टेबल घेतलं. दुकानात त्यावर मेणाची फळं मांडली होती, घरी नुसतंच टेबल पोचलं. बाईंनी तक्रार केली. मालकांनी मला त्याच संध्याकाळी फळं घेऊन पिटाळलं. त्यातल्या सफरचंदाला कुणाच्या तरी पोराने चावा घेतला होता. दुसरं सफरचंद द्यावं का असं मी विचारलं तर म्हणाले, "चावलेलं दाखवलं होतं, ईनॉक. चावलेलंच द्यायचं."

तर त्या ऑक्टोबरात, गिरणी दुपारी सुटते त्या शनिवारी, वहिनी, फीबी आणि आत्या खरेदीला निघाल्या. ओळखीने माल नीट दाखवतील म्हणून मलाही सोबत घेतलं. आत्याला न्यायचं कारण वेगळंच होतं. तिच्याकडे नुसती शाल होती आणि पायात लाकडी तळाचे बूट. लग्नात ती शाल व्याह्यांच्या नजरेस पडणं वहिनीला परवडणार नव्हतं. खरं तर व्याह्यांनी अजून आत्यालाच पाहिलेलं नव्हतं. बोलणी करायला ते आले, तेव्हा वहिनीने तिला शेजारी वाटाणे सोलायला पाठवलं होतं, आणि मी गाडीवर होतो, म्हणून मलाही ते ओळखत नव्हते.

खालच्या मजल्यावर नव्या मोसमाच्या टोप्या मांडल्या होत्या. एकीवर अख्खा पक्षी बसवला होता, डोळ्यांसकट.

"हा मेलाय का?" आत्याने विचारलं.

"हल्ली असंच घालतात, आत्याबाई."

"मग याला डोक्यावर कशाला ठेवतात? पुढच्या खोलीत ठेवा."

फीबीला हसू आवरेना. वहिनीने तिला चिमटा काढला.

वरच्या मजल्यावर आत्याला काळा लोकरीचा कोट चढवला. गळ्याशी कुरळ्या कातड्याची पट्टी, मोठी बटणं. विकणारी पोरगी गोड होती. ती म्हणाली, "आजी, यात तुम्ही अगदी मेयरच्या बाईसाहेब दिसता."

"मेयरची बाई पडवळासारखी आहे," आत्या म्हणाली. पण आरशासमोरून हलली नाही. कोट उबदार होता. वहिनीने विचारलं, बांधून द्यायचा का? आत्या म्हणाली, अंगावरच राहू दे. म्हणून तो अंगावरच राहिला, आणि बाहीला लटकणारी किमतीची चिठ्ठी कापायची राहिली. सगळी पुढची रामायणं त्या चिठ्ठीपासून सुरू झाली.

घरसामानाच्या मजल्यावर त्या वर्षी नवीनच प्रकार केला होता. नुसते कोच आणि पडदे ओळीने न मांडता त्यांनी एक अख्खी पुढची खोली उभी केली होती. तीन भिंती, चौथ्या भिंतीच्या जागी लाल दोरी. मधाच्या रंगाचे जाड पडदे, पानगळीची नक्षी असलेला गालिचा, पितळी घड्याळ, हात टेकायला रुंद अशी आरामखुर्ची, आणि गॅसची शेकोटी. शेकोटी खरोखर पेटलेली होती. लोक दोरीपाशी उभे राहून चॅपलमध्ये बोलतात तसं हळू बोलत होते.

वहिनी लगेच पडद्यांच्या कापडावर तुटून पडली. मधाचा रंग घ्यावा की गडद लाल? लाल घेतला तर धूळ दिसणार नाही, पण लाल पडदे बघून लोक काय म्हणतील? मी कापडाचं टोक धरून उभा होतो. जरा वेळाने मान वर केली तर आत्या शेजारी नव्हती.

आत्या दोरीच्या पलीकडे, आरामखुर्चीत होती. पाय शेकोटीसमोर, लाकडी बूट गालिच्यावर, पिशवीतून विणकाम काढलेलं. तिच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं असं काहीतरी होतं. पोट भरलेल्या मांजरासारखं.

दोरीपाशी गर्दी जमली होती. एक जाडजूड बाई मैत्रिणीच्या कानाशी लागून म्हणाली, "मेणाची आहे गं. हुबेहूब केलीय."

आत्याने तिच्या ओठांकडे पाहिलं. "मेणाची असते तर या शेकोटीपुढे केव्हाच वितळले असते," ती म्हणाली, आणि पुढचा टाका घातला.

बाई किंचाळली. मग हसली. मग सगळेच हसले, आणि मागचे लोक पुढे सरकले. तेवढ्यात एकीने बाहीची चिठ्ठी वाचली.

"आजी एवढ्यालाच? मग तर स्वस्त आहे!"

"कोटासकट की कोटाशिवाय?"

"आमच्या सासूबाई घेऊन बदल्यात ही देतील का, विचारा ना!"

मजला सांभाळणारा पॉम्फ्रेट धावत आला. हा माणूस चालायचा नाही, घरंगळायचा. "बाईसाहेब, आपण कृपा करून उठाल का?"

"नाही," आत्या म्हणाली.

"पण ही खोली फक्त बघण्यासाठी आहे."

"असलीच खोली आमच्याही घरी आहे," आत्या म्हणाली.

वहिनी पडद्याच्या कापडामागे लपली. पॉम्फ्रेटने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. पण तोवर जाडजूड बाईने तो गालिचा मागितला होता आणि दुसरी एक बाई आरामखुर्चीसाठी भांडत होती. म्हातारे थ्रिपलँड वरच्या मजल्यावरून खाली आले, हात पाठीमागे बांधून बराच वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, "पॉम्फ्रेट, बाईंना चहा द्या."

तेव्हापासून आत्या रोज दुकानात जाऊ लागली. सकाळी माझ्या गाडीतून जायची, दिवे लागायच्या सुमारास माझ्याच गाडीतून परत. मजुरी तिने मागितली नाही. चहा, आल्याचा पार्किन केक आणि शेकोटी, एवढ्यावर ती खूष होती. दुकान तिच्यापेक्षा खूष होतं. लोक खोली बघायला येत, आत्या त्यांचे ओठ वाची आणि नको तिथे उत्तर देई. नवराबायको कोपऱ्यात हळूच भांडत, की हा कोच घेतला तर तुझी आई त्यावरच पसरेल. आत्या लांबून म्हणे, "पसरू दे की. त्यासाठीच असतो तो." नवरा गोरामोरा होऊन कोच घेऊन टाकी.

घरी वहिनीचा जीव कासावीस. "भावजी, शपथ आहे तुम्हाला, गावात बोलू नका. मी शेजारी सांगितलंय की आत्याबाई थ्रिपलँडमध्ये घरसामानाचा सल्ला देतात."

"ते खरंच आहे, वहिनी. बसून देतात."

"हसा तुम्ही! टेकडीवरच्या रॅम्सडेनबाईंच्या कानावर गेलं तर काय म्हणतील? पोरीचं लग्न मोडेल."

रॅम्सडेनबाई म्हणजे फीबीच्या होणाऱ्या सासूबाई. त्यांचे यजमान कोळशाचे व्यापारी. घर टेकडीवर, पुढे जाळीदार फाटक, आणि दाराची पितळी कडी अशी घासलेली की तीत तोंड बघावं. त्यांच्या कानावर गेलं नाही. त्या स्वतःच आल्या.

मी एक कपाट उतरवायला वर गेलो होतो, म्हणून सगळं डोळ्यांनी पाहिलं. पक्ष्याची टोपी घातलेल्या रॅम्सडेनबाई दोरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी खोली पाहिली, मग आत्याला पाहिलं, मग परत खोली पाहिली.

"ही मला हवी," त्या म्हणाल्या. "आहे तशी."

पॉम्फ्रेट घरंगळत आला. "आनंद आहे, बाईसाहेब. कोच, खुर्ची, घड्याळ, पडदे, गालिचा..."

"आणि आजी."

"आजी... आजी विकायच्या नाहीत, बाईसाहेब."

"का नाहीत? चिठ्ठी तर आहे." चिठ्ठी खरंच होती. आत्याने ती कुणाला कापू दिली नव्हती. म्हणायची, गंमत वाटते लोकांना. "आणि जिन्यावर काय लिहिलंय? आजीला काढली तर उरलं काय? लाकूड आणि कापड. ते माझ्याकडे आहे. मुलाचं लग्न आहे माझ्या, सूनबाईची माणसं येतील, त्यांना कळलं पाहिजे की हे भरलेलं घर आहे."

पॉम्फ्रेट घाम पुसत वर गेला आणि मालकांना घेऊन आला. थ्रिपलँडनी सगळं ऐकून घेतलं. जिन्यावरच्या अक्षरांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावरची शीर हलताना मला दिसली. आयुष्यभर खरं बोललेल्या माणसाची अशी अडचण मी पुन्हा कधी पाहिली नाही.

शेवटी ते आत्यासमोर गेले, नीट दिसावं म्हणून तोंड समोर ठेवून म्हणाले, "केझायाबाई, तुमचं काय म्हणणं?"

आत्याने विणकाम मांडीवर ठेवलं. "मला हिला विचारू द्या. बाई, पुढच्या खोलीत ठेवणार ना?"

"पुढच्याच," रॅम्सडेनबाई म्हणाल्या.

"शेकोटीशी?"

"इथे आहे अगदी तसंच. तीच खुर्ची, तीच जागा."

"मग मी जाते," आत्या म्हणाली.

संध्याकाळी घरी मी हे सांगितलं तेव्हा वहिनीच्या हातातली बशी खाली पडली.

"भावजी, अहो थांबवा ना हे!"

"थांबवतो की. रॅम्सडेनबाईंना जाऊन सांगतो, ही आमची आत्या आहे."

वहिनी बशीचे तुकडे गोळा करू लागली. थांबवायचं तर आत्या आपली म्हणून सांगावं लागणार, आणि सांगितलं तर तिला इतके दिवस कुठे ठेवली होती तेही सांगावं लागणार. ती आत्याकडे वळली. "आत्याबाई, तुम्ही नाही म्हणा. मी... मी रविवारी पुढच्या खोलीत बसू देईन. कोचावर. चादर घालून."

"चादर घालून?"

"गालिच्यावरही घालू."

आत्याने तिच्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. "तिकडे खुर्ची आहे, सेलिना," ती म्हणाली.

जेबेझ चुलीजवळून म्हणाला, "आत्या, कोट घालून जा. थंडी आहे."

नोव्हेंबरच्या धुक्यात मी माल पोचवला. आत्या गाडीत आरामखुर्चीतच बसली होती, वर ताडपत्री, मांडीवर पितळी घड्याळ. चढावर लोक थांबून बघत होते, आणि ती पाद्र्यासारखा हात हलवत होती. पॉम्फ्रेट जातीने बरोबर आला होता. त्याने रॅम्सडेनांच्या पुढच्या खोलीत प्रत्येक वस्तू दुकानात होती तशीच लावली. शेवटी खुर्ची शेकोटीशी ठेवली, आत्याला खुर्चीत बसवलं, दोन पावलं मागे गेला आणि डोळे बारीक करून म्हणाला, "अगदी तंतोतंत."

"सुरेख," रॅम्सडेनबाई म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीचे पडदे ओढले, गालिच्याचा रंग उडू नये म्हणून. कोचावर पांढरी चादर टाकली. घड्याळावर टॉवेल टाकला. मग दुसरी चादर झटकून त्या खुर्चीवर घालू लागल्या, आत्यासकट.

"बाई," चादरीतून आवाज आला, "एवढी घाई करू नका. मी अजून आहे."

"धूळ बसेल हो तुमच्यावर. पाहुणे आले की काढीन."

आत्याने चादर तोंडावरून खाली घेतली. "आणि शेकोटी?"

"अगंबाई! पुढच्या खोलीत शेकोटी रोज कुणी पेटवतं का? आम्ही मागे असतो." असं म्हणून त्यांनी आम्हाला बाहेर घालवलं आणि मधलं दार ओढून घेतलं. मी गाडीपाशी येऊन खिडकीकडे पाहिलं. पडद्याची फट किंचित उघडली होती आणि तीत आत्याचं नाक होतं. कोळशाच्या व्यापाऱ्याच्या घरात तोंडातून वाफ निघत होती.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. आत्या साठ वर्षं ज्या खोलीत शिरायला धडपडली, तीत शेवटी शिरली, तर तिला मेलेल्या माणसासारखं झाकून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर मला एक गादी पोचवायची होती. वळणावरूनच दिसलं, रॅम्सडेनांच्या पुढच्या धुराड्यातून धूर निघत होता. जवळ गेलो तर पडदे उघडे, पुढचं दार सताड उघडं. गादी रस्त्यावरच टाकून मी आत डोकावलो.

शेकोटी धडधडत होती. आत्या खुर्चीत होती आणि कोचावर, चादर बाजूला सारून, त्या गल्लीतल्या तीन म्हाताऱ्या दाटीवाटीने बसल्या होत्या. चौथी गालिच्यावर, शेकोटीला पाठ लावून. सगळ्यांच्या हातात चहा. आणि रॅम्सडेनसाहेब स्वतः, बाह्या सरसावून, बादलीतून कोळसा घालत होते.

"ये पोरा," आत्या म्हणाली. "खिडकीतून या दिसल्या. रस्त्यात उभ्या राहून म्हणत होत्या, काय ही थंडी, घरात बसायला धड जागा नाही. मी म्हटलं, या."

"तुम्हाला ऐकू कसं आलं, असं आम्ही विचारतोय मघापासून," गालिच्यावरची म्हातारी म्हणाली.

"आणि साहेब, तुम्ही?" मी विचारलं.

रॅम्सडेनसाहेबांनी घाम पुसला. "जन्मभर कोळसा विकतोय मी. अख्खं गाव माझ्या कोळशाने शेकतं. या खोलीत असं बसल्यावर कसं वाटतं ते मला आज कळलं. बाई बाजारातून यायच्या आत अजून एक बादली आणतो."

ते बादली घेऊन वळले आणि बाई दारातच उभ्या होत्या. टोपीवरचा पक्षी थरथरत होता.

पुढचा तासभर काय काय बोललं गेलं ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी बाईंनी मला गाडी वळवायला लावली, स्वतः माझ्याशेजारी बसल्या, आणि आम्ही दुकानात गेलो. मालकांसमोर उभ्या राहून त्या म्हणाल्या, "तुमचा माल परत घ्या. तो नीट चालत नाही."

"काय बिघाड आहे?" थ्रिपलँडनी विचारलं.

"ती शेकोटी पेटवते! खुर्चीत बसते! लोकांना आत बोलावते!"

मालकांनी हात पाठीमागे बांधले. "बाई, दुकानात शेकोटी पेटलेली होती की विझलेली?"

"पेटलेली. पण..."

"पडदे?"

"उघडे."

"आजी खुर्चीत होत्या की चादरीखाली?"

बाईंनी टोपी सावरली.

"आणि समोर लोक होते ना? बरेच होते. तुम्ही स्वतःच होतात." त्यांनी जिन्याकडे बोट केलं. "दाखवलं तेच दिलं. आणि वापरलेला माल मी परत घेत नाही. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे." मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "खुर्ची कशी आहे हो बसायला? मी अजून बसलेलो नाही."

रविवारी रॅम्सडेनांकडे आमच्या मंडळींना चहाचं बोलावणं आधीच गेलेलं होतं. वहिनीने ताप आल्याचं सोंग करून पाहिलं, पण जेबेझने तिला कोट आणून दिला. आम्ही गेलो. रॅम्सडेनबाईंनी तोंडभर हसून पुढच्या खोलीचं दार उघडलं, कारण त्यांना दुसरा मार्गच उरला नव्हता. आत शेकोटी, म्हाताऱ्या आणि मधोमध आत्या. वहिनी उंबऱ्यावरच थिजली. मी मनात म्हटलं, आता संपलं.

फीबी मात्र सरळ आत गेली, वाकून आत्याच्या गालाचा मुका घेतला आणि तिच्या पायाशी बसली. "आत्याआजी, तुझे पाय आता गरम आहेत गं," ती म्हणाली.

रॅम्सडेनबाईंनी केटली खाली ठेवली. "तू हिला ओळखतेस?"

"माझ्या बाबांची आत्या आहे ती."

"म्हणजे," बाई वहिनीकडे वळून हळूहळू म्हणाल्या, "तुमच्या घरातलं माणूस मी दुकानातून विकत आणलं?"

वहिनीचा चेहरा त्या लाल पडद्यांच्या रंगाचा झाला. घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. तेव्हा जेबेझ, जो वर्षातून एकदा बोलायचा, म्हणाला, "घासाघीस केलीत की नाही? आम्ही कमीत दिली असती."

रॅम्सडेनसाहेब इतके हसले की त्यांच्या हातातला कोळसा गालिच्यावर पडला. पानगळीच्या नक्षीवर त्याचा डाग शेवटपर्यंत राहिला. मग गालिच्यावरची म्हातारी हसली, मग फीबी. रॅम्सडेनबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वहिनीला खुर्ची दिली. वहिनी तीत टोकावर बसली. दुसऱ्यांच्या का होईना, पुढच्या खोलीत ती प्रथमच पाहुणी नसल्यासारखी बसली आणि हळूहळू मागे टेकली.

"सेलिना," आत्या म्हणाली, "बरं वाटतं ना?"

"हो, आत्याबाई," वहिनी म्हणाली आणि तोंडाला रुमाल लावून रडली.

लग्न ईस्टरनंतर झालं. त्या दिवशी काळ्या कोटावरची चिठ्ठी अखेर फीबीने कापली. आत्या तिथेच राहिली. रॅम्सडेनबाईंनी पुढे आठ वर्षं तिच्याबद्दल कुरकुर केली आणि आठ वर्षं दुपारचा चहा तिच्यासमोर बसून घेतला. वहिनीने आमची पुढची खोली उघडली नाही, पण दर गुरुवारी ती टेकडी चढून आत्याकडे बसायला जायची. म्हातारे थ्रिपलँडही एकदा आले आणि आत्याच्या परवानगीने घटकाभर त्या खुर्चीत बसून गेले.

शेवटच्या हिवाळ्यात आत्याने मला जवळ बोलावलं. "ईनॉक, मी गेले की मला पुढच्या खोलीत ठेवू देऊ नकोस. तिथे थंडीत बायका येतात. त्यांनी कुठे बसायचं?"

रॅम्सडेनबाई ऐकून हादरल्या. "लोक काय म्हणतील? मेलेलं माणूस मागे?"

"मी इतकी वर्षं मागेच होते," आत्या म्हणाली. "मला वाट ठाऊक आहे."

आम्ही तिचं ऐकलं. तिला रॅम्सडेनांच्या स्वयंपाकघरात, टबाशेजारी टेबलावर ठेवलं. सगळी गल्ली तिला बघून गेली, मग पुढच्या खोलीत शेकोटीशी बसून चहा प्यायली. आरामखुर्ची त्या दिवशी कुणी घेतली नाही.

माझी आत्या केझाया वारली ती एकोणीसशे अठरा सालच्या फेब्रुवारीत, मंगळवारी, सकाळच्या चहानंतर.